तळ्याच्या पोटातला खो-खो

त्या वर्षी शाळेच्या मैदानाला पाणी मिळालं नाही, आणि त्यामुळं माझ्या नडगीच्या हाडाला चीर पडली. या दोन गोष्टींचा संबंध एकदम लक्षात येणार नाही, म्हणून आधी मैदानाचं सांगते.

आमचं गाव उमरग्याच्या थोडं अलीकडं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. गावात दहावीपर्यंत शाळा होती आणि शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात नावाजलेला होता. खो-खोला फार काही लागत नाही. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि मऊ जमीन. ही तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. खांबाजवळ सूर मारून गडी टिपायचा तर अंगाखाली माती लागते, दगड चालत नाही. म्हणून शाळा सुरू झाली की आम्ही मुली मैदान खणायचो, खडे वेचायचो आणि हापशावरनं घागरी आणून रोज संध्याकाळी सडा टाकायचो. त्या मातीत लोळून लोळून आमच्या फ्रॉकचा रंगच तांबूस झालेला असायचा.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी नववीत गेले त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि श्रावणात तर आभाळाकडं बघायचंही लोकांनी सोडून दिलं. हापशाला घागरींची रांग लागलेली असताना मैदानावर पाणी ओता, असं कुणाच्या तोंडून निघणार? मैदान भाजलेल्या विटेसारखं झालं. पहिल्याच दिवशी आमच्या कॅप्टननं सूर मारला आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलून घेतला.

आमचे खेळाचे सर तिशीतले होते. स्वतः लांब पल्ल्याचे पळणारे. शिडशिडीत, उन्हानं रापलेले, आणि बसलेले कधी दिसायचे नाहीत. त्यांनी कॅप्टनचा हात पाहिला, त्यावर हळद लावायला सांगितली आणि म्हणाले, "मैदान नाही तर नाही. रस्ता तर आहे ना. यंदा दमावर जिंकू."

दुसऱ्या दिवसापासून आमचं पळणं सुरू झालं. पहाटे फटफटलं की गावातनं निघायचं, हायवेच्या कडेकडेनं साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. रविवारीही सुट्टी नाही. कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणाच्या पायात स्लीपर, कुणी तर अनवाणीच. उसाचा हंगाम नसल्यामुळं रस्त्यावर उसाच्या गाड्या नव्हत्या, पण हैदराबादचे ट्रक होते. ते हॉर्न वाजवत अंगावरनं जायचे आणि सर मागनं सायकलवरनं ओरडायचे, "थांबायचं नाही. थांबला तो संपला."

मला पळायला आवडायचं. मी सगळ्यात पुढं असायचे. घरी अभ्यासाला एक कोपरा, झोपायला एक कोपरा. रस्त्यावर मात्र सगळं शिवार माझं. सर एकदा दुसऱ्या कुणाला सांगताना मी ऐकलं, "ही पोरगी जिल्ह्यात जाईल." ते ऐकल्यावर मी आणखी जोरात पळायला लागले.

पोळ्याच्या सुमाराला उजवी नडगी दुखायला लागली. सुरुवातीला पळायला निघालं की दुखायचं आणि अंग गरम झालं की थांबायचं. मग पळणं संपल्यावरही दुखायला लागलं. मग शाळेच्या पायऱ्या चढताना. मी सरांना सांगितलं.

"चमक भरली असेल," ते म्हणाले. "पळता पळता जाते."

पळता पळता ती गेली नाही.

माझ्या घरात माय, अण्णा, मी आणि एक म्हैस. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गावातल्या दूध सोसायटीत कामाला होते. पहाटे आणि संध्याकाळी दूध गोळा झालं की कॅन टेम्पोत चढवायचे, परत आलेले कॅन धुवायचे. माय रोजानं शेतात जायची. दोघांचं बोलणं कमी. अण्णा हसून सांगायचे आणि माय न हसता. तिनं माझा पाय पाहिला, विटकर गरम करून शेकला, तेल जिरवलं, आणि चार दिवसांनीही मी लंगडतेच आहे म्हटल्यावर मला चुलीपुढं बसवून अंगठ्यानं नडगी दाबत दाबत वरनं खाली आली. एका ठिकाणी मी ओरडले.

"हितंच व्हय?"

"तिथंच."

तिनं अंगठा थोडा वर नेला, थोडा खाली नेला. तिथं काही नाही. परत त्या जागेवर आणला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही चमक न्हाय," ती म्हणाली. "चमक अशी एका जागी मुक्काम करत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती कामाला न जाता माझ्याबरोबर शाळेत आली. माझं नाव घालायला आली होती त्यानंतर पहिल्यांदाच. सर व्हरांड्यात होते. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"सर, पोरीचा पाय दाकवावा लागंल."

"अक्का, तालुक्याची स्पर्धा तोंडावर आली. जरा दम धरा. स्पर्धा झाली की मी स्वतः..."

"स्पर्धा फुडल्या साली बी येती," माय म्हणाली. "पाय येत न्हाय."

गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतली बाई त्यांच्यापुढं उभी राहून असं बोलेल, हे त्यांना अपेक्षित नसावं. पण ते रागावले नाहीत. उलट खाली वाकून त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाजारादिवशी उमरग्याला हाडाचे डॉक्टर येतात सोलापूरहून. मीच येतो तुमच्याबरोबर."

उमरग्याचा तो दवाखाना बसस्टँडच्या मागं होता. बाजाराचा दिवस असल्यामुळं गर्दी होती. प्लॅस्टर घातलेले ट्रकवाले, गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या, सीमेपलीकडनं आलेली कन्नड बोलणारी माणसं. डॉक्टर चाळिशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी माझा पाय दाबून पाहिला आणि मायचा अंगठा जिथं थांबला होता तिथंच त्यांचाही थांबला. मग म्हणाले, "या पायावर एक उडी मार बघू."

मी मारली. खाली टेकले तेव्हा जीव कळवळला, पण तोंडातनं आवाज येऊ दिला नाही.

फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीपुढं धरला. हाड पांढरंशुभ्र, सरळ, कुठं काही नाही. सरांनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे काही नाही."

"फोटोत नाही," डॉक्टर म्हणाले. "पायात आहे."

"फोटोत नाही तर कशावरून म्हणता?"

"उडी मारली तेव्हा हिचं तोंड बघितलंत ना? केसासारखी चीर असते सर, ताजी असताना फोटोत येत नाही. हाड भरायला लागलं की मग दिसते. काही आठवड्यांनी परत आणा. तोवर पळणं बंद. उड्या बंद." मग मायकडं वळून म्हणाले, "पण बाई, हिला बाजेवर झोपवून ठेवू नका. घरात हिंडू दे, हळूहळू शाळेत जाऊ दे. हाडाला अजिबात काम दिलं नाही तर तेही चांगलं नाही. पडून राहिलं की ते विरायला लागतं."

मायनं मान हलवली, घरी आली आणि मला बाजेवर झोपवलं. दुखणं म्हणजे बाज, एवढं तिच्या मनात पक्कं होतं. अण्णा संध्याकाळी आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरनं जे नको म्हणलं तेवडंच निमकं केलंय म्हन की तू." मायनं सकाळी बाज भिंतीला उभी करून ठेवली.

पुढचे दिवस मला जड गेले, हे खरं. दुखणं सोसलं असतं, पण दुखणं कुणाला दिसत नव्हतं. प्लॅस्टर नाही, पट्टी नाही, सूज नाही. गावात बातमी अशी पसरली की फोटोत काही निघालं नाही. हापशावर बाया म्हणायच्या, "फोटूत काय न्हाय म्हनं. मग घरी कशापायी बसवलीय?" एकीनं मायला सुचवलं की पोरगी मोठी झाली, पळायची लाज वाटत असेल, लग्नाचं बघा. कॅप्टन माझ्याशी बोलायची, पण पहिल्यासारखी नाही. तालुक्याच्या स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला आणि मी शाळेच्या पायरीवर बसून ते ऐकलं. सर मला काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

अण्णांनी एक केलं. त्यांची कॅन अडकवायची सायकल होती, तिच्यावर मला शिकवलं. डॉक्टरांनी सायकलला नको म्हटलं नव्हतं. दुपारी कॅन धुऊन झाले की ते कॅरियर धरून मागं पळायचे आणि मी पायडल मारायचे. पंधरवड्यात मी एकटी सोसायटीपर्यंत जायला लागले. पळता येत नव्हतं त्या दिवसांत निदान वारा तरी अंगाला लागला.

सांगितलेल्या वेळी आम्ही परत उमरग्याला गेलो. सरही आले. मला वाटत होतं ते येणार नाहीत. याही वेळी डॉक्टरांनी फोटो खिडकीपुढं धरला आणि सरांच्या हातात दिला. नडगीच्या हाडाच्या कडेला पांढुरका ढग धरल्यासारखा दिसत होता. त्या ढगाच्या मधे एक बारीक काळी रेघ.

"ही चीर," डॉक्टर म्हणाले, "आणि हा ढग म्हणजे नवीन हाड. भरतंय. छान भरतंय."

सर फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं ते अजून माझ्या कानात आहे, कारण विचारताना त्यांचा आवाज एखाद्या विद्यार्थ्यासारखा झाला होता.

"डॉक्टर, पण कामानं शरीर घट्ट होतं ना? मी तर जन्मभर तेच करत आलो."

"होतं की. हाड म्हणजे काही वाळलेलं लाकूड नाही, उभं झाड आहे. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. भार पडला की त्याला कळतं, इथं भर घालायला पाहिजे. पण भरायला वेळ लागतो. तो दिला नाही तर झीज पुढं पळते आणि भर मागं राहते. हिचं तेच झालं."

"म्हणजे पळायचंच नाही?"

"तसं नाही. असं बघा, घरात कुणाला हाक मारली तर पहिल्या दोन-चार हाकांना माणूस ओ देतो. तासभर ओरडत बसलात तर तो कानात बोळे घालतो. हाडाचंही तसंच दिसतं. थोड्या जोरकस उड्या मारल्या की त्याला निरोप पोचला. त्याच्या पुढच्या शेकडो उड्या ते ऐकत नाही, नुसतं सोसतं. पण मधे थांबलात आणि काही तासांनी परत हाक मारलीत तर परत ऐकतं. आता हे सगळं पक्कं ठरलंय असं मी म्हणणार नाही. थोडं वाचतोय, थोडं रोगी बघून शिकतोय."

मग माझ्याकडं बघून विचारलं, "खेळ कुठला तुझा?"

"खो-खो."

ते हसले. "मग तर चांगलंच. बसायचं, उठायचं, चार पावलं जोरात, झटकन वळायचं, परत बसायचं. सगळ्या बाजूंनी थोडा थोडा भार आणि मधे विसावा. सर, तुमची पोरगी खेळानं मोडली नाही. डांबरी रस्त्यानं मोडली. एकाच चालीनं, एकाच कडक जागेवर, दोन्ही वेळा, सुट्टी न देता."

मी धीर करून विचारलं, "सायकल चालवते मी. तिनं हाड घट्ट होईल?"

"सायकलनं दम राहील, मांड्या राहतील. पण तू सायकलवर बसलीस हे हाडाला कळतही नाही. त्याला जमिनीचा दणका लागतो. बेतानं." आणि मायला म्हणाले, "बाई, पोरीला दूध देता का?"

दूध आमच्या घरात होतं, पण ते सोसायटीत जायचं. चहापुरतं मागं राहायचं तेवढंच. त्या संध्याकाळी अण्णांनी म्हशीची धार काढली, कॅनमधे ओतायच्या आधी एक पितळी पेला भरला आणि माझ्यापुढं ठेवला. त्या दिवसापासून मी शाळा सोडेपर्यंत तो पेला चुकला नाही. गुरांच्या दुष्काळी छावणीतनं मिळणाऱ्या चाऱ्यावर म्हैस आटत चालली होती, तेव्हाही नाही.

परतीच्या बसमधे सर खिडकीबाहेर बघत होते. गाव जवळ आलं तेव्हा एकदम म्हणाले, "उद्या मैदानावर ये. पळायला नाही. नुसती ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलींना ओळीत बसवलं आणि विचारलं, "पाय कुणाकुणाचा दुखतो? खरं सांगा. कुणालाही संघातनं काढणार नाही." आधी कुणीच हलेना. मग कॅप्टननंच हात वर केला. तिचं घोट्याच्या वर दुखत होतं, आणि तेही माझ्याइतक्याच दिवसांपासून. तिच्यामागं आणखी एकीचा हात वर आला. सरांनी तिथंच सांगून टाकलं की रस्त्यावरचं पळणं बंद. कॅप्टन उठून माझ्या शेजारी येऊन बसली. त्या दिवसापासून शाळेतनं घरी जाताना ती माझ्या चालीनं चालायला लागली.

आता प्रश्न मऊ जागेचा. ती अण्णांनी शोधली. टेम्पोबरोबर ते शेजारच्या वस्तीवर दूध आणायला जायचे, वाटेत पाझर तलाव होता. तळं पार आटलेलं. शेतकरी तळातला गाळ बैलगाड्यांनी उचलून शेतात टाकत होते. जिथनं गाळ उचललेला तिथली माती भुसभुशीत, पाय टाकला की घोटा बुडेल अशी. अण्णांनी सरांना नेऊन दाखवलं. सरांनी मूठभर माती उचलली, चुरली, आणि बूट काढून अनवाणीच चार उड्या मारल्या. सरांना उड्या मारताना अण्णांनी पहिल्यांदाच पाहिलं. घरी येऊन त्यांनी आम्हाला नक्कल करून दाखवली.

रविवारी मुलींनी तळात फळी ओढून जमीन सारखी केली. खांब रोवले. चुन्याऐवजी राखेच्या रेषा मारल्या. पुढच्या पावसाळ्यातही तळं भरलं नाही, आणि त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचाही आमचा खो-खो तळ्याच्या पोटात झाला. चारी बाजूंनी उतार, एका बाजूला मातीची उंच पाळ. आवाज घुमायचा. कॅप्टननं "खो" दिला की दोनदा ऐकू यायचा.

एक दिवस माय कामावरनं परतताना पाळीवर येऊन उभी राहिली. मी खेळत नव्हते, दोरीवरच्या उड्यांमधल्या विसाव्यात होते, म्हणून वर गेले. ती तळ्याकडं बघत होती.

"ही पाळ आमी घातलेली हाय," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात माय सरकारी दुष्काळी कामावर होती, तिथं मिळणारी लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली, एवढं ऐकलं होतं. काम कुठलं, ते कधी विचारलं नव्हतं.

"तू पोटात हुतीस. डोक्यावर मातीची पाटी आन पोटात तू. सातवा लागस्तोवर केलं." तिनं पाळीच्या एका टोकाकडं बोट केलं. "हितनं सुरू केलं आन त्या लिंबापातूर आलो."

"पाय नाही दुखले?"

"दुखले की. नडग्या अशा ठणकायच्या की रातभर झोप न्हाय. मंग बायाबायांनी ठरवलं. एकीनं पाटी भरायची, एकीनं न्ह्यायची, आन दुपारच्याला बदलायचं. मुकादम वरडायचा. वरडू दिला. आन बाजाराची सुट्टी हुती म्हनून निभलं, न्हाय तर हितंच आडवी झाले असते."

मी तिच्या खांद्याला टेकून उभी राहिले. खालनं सरांनी हाक मारली, माझा विसावा संपला होता.

त्या विसाव्याची गंमत सांगायला हवी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं मी आधी नुसती मातीतनं चालले, मग एका पायावर उभी राहिले, मग दोरीवरच्या थोड्या उड्या. उड्या झाल्या की बसायचं. मग परत थोड्या. संध्याकाळी परत. एक दिवस उड्या, दुसऱ्या दिवशी नुसता हाताचा आणि नजरेचा सराव. सरांनी ही पद्धत सगळ्यांनाच लावली. पण मुली बसलेल्या बघणं त्यांच्या जिवावर यायचं. ते घड्याळाकडं बघत खांबाभोवती चकरा मारायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "बसलेल्यांनी पाढे म्हणायचे." मग तळ्यात सतराचा, एकोणतीसचा पाढा घुमायला लागला. गाळ भरणारे गाडीवान थांबून ऐकायचे. त्या वर्षी आमच्या संघातली एकही मुलगी गणितात नापास झाली नाही.

दुधाची गोष्टही सरांनी मनावर घेतली. सोसायटीच्या बैठकीत जाऊन त्यांनी सांगितलं की गावाच्या मुली खेळतात, त्यांना सरावानंतर पेलाभर दूध द्यावं. दुष्काळाचं साल, दूध निम्म्यावर आलेलं. चर्चा बरीच झाली म्हणे. शेवटी आठवड्यातनं तीन संध्याकाळी द्यायचं ठरलं. अण्णा छोटा कॅन सायकलला अडकवून तळ्यावर यायचे आणि मापट्यानं एकेकीच्या पेल्यात ओतायचे. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं काही घरांत चालत नसे, म्हणून एका मुलीच्या आजीनं घरी विचारलं, दूध कोण वाढतं. ती मुलगी म्हणाली, "मापटं वाढतंय," आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पेला घेऊन उभी राहिली. अण्णांनी तिला काठोकाठ भरून दिलं. ते असं कुणाला देत नसत.

नडगी भरली. केव्हा भरली ते सांगता येत नाही. एक दिवस खांबाजवळनं वळताना मी पूर्ण भार उजव्या पायावर टाकला, गडी टिपला आणि दहा पावलं पुढं गेल्यावर लक्षात आलं की मला पायाची आठवणच राहिली नव्हती. हाडाच्या त्या जागी अजूनही बोटाला एक बारीक उंचवटा लागतो. डॉक्टर म्हणाले होते, "तिथं आता कधी मोडणार नाही. मोडलंच तर दुसरीकडं मोडेल." ते अर्थात गमतीनं म्हणाले होते.

दहावीच्या वर्षी आम्ही तालुका जिंकला आणि धाराशिवला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो. तेव्हा उस्मानाबादच म्हणायचे. माय आणि अण्णा एसटीनं बघायला आले. अण्णा पूर्वी कामानिमित्त तेरपर्यंत जाऊन आलेले, पण मायला जिल्ह्याचं गाव पहिल्यांदाच. तिनं ठेवणीतलं पांढऱ्या काठाचं निळं लुगडं नेसलं होतं. मैदानाच्या दोरीला धरून ती सामना संपेपर्यंत उभी राहिली.

अंतिम सामना आम्ही एका गड्यानं हरलो. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता, एवढंच. मला वाईट वाटलं, पण फार नाही. पूर्ण सामना मी खेळले होते, दोनदा खांबावर सूर मारला होता, आणि दोन्ही पाय शाबूत होते. आमच्या संघात त्या दिवशी कुणीच लंगडत नव्हतं. सर ही गोष्ट पंचांना, दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांना, चहावाल्याला, भेटेल त्याला सांगत होते. हरल्याचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "ते जाऊ द्या. माझ्या पोरींच्या चाली बघा."

पुढं मी खेळाचीच शिक्षिका झाले. अणदूरकडच्या एका शाळेत नोकरीची सगळी वर्षं काढली. तिथल्या मुलींना मी पळवलं, उड्या मारायला लावल्या आणि बसवलंही. बसवते म्हणून पालकांच्या तक्रारी यायच्या. मी त्यांना शांतपणे समजावायचे. काहींना पटायचं, काहींना नाही.

पण त्या दिवसाचं सांगत होते. बक्षिसं वाटून झाली आणि मी मायजवळ गेले. तिनं आधी माझ्या नडगीवरची माती पदरानं पुसली, अंगठ्यानं एकदा दाबून पाहिलं. मी ओरडले नाही. मग ती माझ्याकडं बघत म्हणाली, "एक इचारू का? राग धरू नगं."

"विचार की."

"एवढ्या लांबनं आलो आमी, आन तू निम्मा येळ बसूनच का हुतीस?"

अण्णा हसायला लागले. मागं उभे असलेले सर तर खाली उकिडवे बसून हसले. सरांना असं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मी मायला खेळ समजावून सांगायला लागले, की बसणारीलाच खो मिळतो आणि बसणारीच उठून मारते. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं अण्णांना विचारलं, "तुमाला समजलं का?" अण्णा म्हणाले, "व्हय." ती म्हणाली, "मंग मला येष्टीत सांगा," आणि आम्ही सगळे स्टँडकडं निघालो, कारण उमरग्याची गाडी सुटायची वेळ झाली होती.